इर्याच्या शांततेतली दाद

आमच्या मागच्या कुंपणाचा एक पत्रा वाऱ्याने आडवा झाला नसता, तर इर्या कोस्केला ही बाई कोण होती ते मला आजही कळलं नसतं. पॉइंट कुकला आम्ही घर घेतलं तेव्हापासून ती आमच्या पाठीला राहत होती. उंच, हडकुळी, पांढरे केस कानाच्या वर कापलेले. जवळच्या तळ्याकाठी फिरताना दिसली की मान हलवायची. मीही हलवायचे. झाली ओळख! लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं.

२०२० चा ऑगस्ट होता. मेलबर्नमध्ये स्टेज फोर, म्हणजे सगळ्यात कडक लॉकडाऊन लागलेलं. संध्याकाळी आठनंतर कर्फ्यू, दिवसात एक तास बाहेर, तोही घरापासून पाच किलोमीटरच्या आत, आणि कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. मी केमिस्टच्या दुकानात काम करते, त्यामुळे मला सुटका नव्हती. परमिट घेऊन रोज जायचं, मास्कवरून भांडणारी माणसं सांभाळायची, आणि परत आल्यावर गॅरेजमध्येच कपडे बदलून थेट बाथरूम. कारण घरात आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, दीनानाथ. जानेवारीत ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले आणि अडकले. मधे खास विमानं सुटायला लागली होती, पण त्यांना दमा, आणि तिकडच्या बातम्या ऐकून मी आणि माझा नवरा गुरुदत्त, दोघांनीही त्यांना जाऊ दिलं नाही. "तुम्ही मला नजरकैदेत टाकलंय," असं ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. गुरुदत्त बेडरूममध्ये मीटिंगला, आमची लेक मिताली तिच्या खोलीत ऑनलाइन शाळेला, मी दुकानात, आणि आप्पा हॉलमध्ये एकटे, मोबाइलवर जुन्या बैठकी ऐकत.

ऐकत म्हणजे काय, ओरडत! आप्पा वीज मंडळातून रिटायर झाले, पण ठाण्यात त्यांना कुणी त्यासाठी ओळखत नाही. गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसून दाद देणारे दीनानाथ म्हणून ओळखतात. ते आणि त्यांचे मित्र चंद्रहासकाका. गवयाने एखादी जागा घेतली की दोघांचे हात एकदम वर जायचे आणि "क्या बात है!" असा आवाज यायचा की मागच्या रांगेतली पोरं झोपेतून उठायची. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसायचे नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीसारखी खांबामागे बसायचे.

तर वारा सुटला, कुंपणाचा एक पत्रा गेला. कुंपणवाल्याला फोन केला तर म्हणतो, "सॉरी मेट, स्टेज फोर. उघडलं की बघू." म्हणजे आमच्या आणि इर्याच्या अंगणांमध्ये दरवाजाएवढं भगदाड पडलं. दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून येते तो काय, आप्पा आमच्या बाजूला खुर्ची टाकून, ती तिच्या बाजूला खुर्ची टाकून, मधे अंतर राखून, दोघांच्या तोंडाला मास्क, आणि आप्पांची चौकशी चालू.

"मॅडम, हाउ मेनी चिल्ड्रन?"

"नन."

"हजबंड?"

"डेड."

"हाउ?"

अगं आई गं! मी तिथेच मेले. "आप्पा, इथे असं विचारत नाहीत हो," मी मराठीत दबक्या आवाजात म्हटलं. पण इर्या माझ्याकडे बघून म्हणाली, "असू दे. गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी काही विचारलेलंच नाही." आणि तिने सगळं सांगितलं, विचारलं तेवढं आणि न विचारलेलंही.

तिचं गाव फिनलंडच्या उत्तरेला, एका तळ्याकाठी. वडील उन्हाळ्यात होडीने माणसं पलीकडे न्यायचे. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावरून रस्ता व्हायचा, आणि तो कुठून जातो ते धुक्यात कळावं म्हणून वडील थोड्या थोड्या अंतरावर झाडाच्या फांद्या रोवत जायचे. इर्या आणि तिची धाकटी बहीण हेल्वी त्यांच्यामागे फांद्यांची घसरगाडी ओढायच्या. मग दोघी बर्फावर कान टेकवून पडायच्या. खालून बर्फ आवाज करतो म्हणे. एकदा खोल हुंकारल्यासारखा, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग पुन्हा.

हीच मुलगी पुढे हेलसिंकीला संगीतरचना शिकली. रचनाकार म्हणजे गाण्याला चाल लावणारी नव्हे. वाद्यांसाठी सगळं कागदावर लिहून देणारी. पहिल्याच कार्यक्रमानंतर पेपरात आलं की बाईंच्या संगीतात संगीत कमी आणि वाट बघणं जास्त. ते सांगताना ती खांदे उडवून म्हणाली, "बरोबरच लिहिलं होतं. सूर म्हणजे त्या रोवलेल्या फांद्या. चालायचं मधल्या पांढऱ्यातून असतं."

मग लेस नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस खाणीतली यंत्रं शिकायला फिनलंडला आला आणि लग्न करून हिला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या गावी, कालगुर्लीला, घेऊन गेला. कुठे बर्फ आणि कुठे ती लाल माती! पियानोच्या आतसुद्धा लाल धूळ बसायची म्हणे. दिवसभर खाणकामगारांच्या मुलांना पियानो शिकवायचा, आणि लेस शिफ्टला गेला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचं. लिहिलेलं पोस्टाने हेल्वीला पाठवायचं. हेल्वी कान्तेले वाजवायची. ते मांडीवर ठेवून बोटांनी छेडायचं तारांचं वाद्य. इर्याने लिहायचं, हेल्वीने गावोगावच्या छोट्या हॉलमध्ये वाजवायचं, असं आयुष्यभर चाललं. इर्याने स्वतःच्या निम्म्याहून जास्त रचना कधी ऐकल्याच नाहीत. विमानाचं तिकीट परवडायचं नाही. एकदा तिकडच्या रेडिओने हेल्वीचं एक वादन घेतलं होतं, तेवढी टेप.

"मग हेल्वी कळवायची का, कसं झालं ते?" मी विचारलं.

"फोन करायची. म्हणायची, वाजवलं. लोक आले होते."

"बस?"

"बस. आमच्याकडे ऐकणारा उठून गेला नाही तर त्याला आवडलं असं धरतात."

आप्पांना हे अजिबात पटलं नाही. "अहो, पण वाजवणाऱ्याला कळायला नको? दाद म्हणजे पोच असते. पोचलं, एवढं तरी सांगायला नको?" मी इंग्रजीत सांगितलं. इर्याने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तिला माझं एकही आवडलं का, मला माहीत नाही. विचारायचं राहिलं." असं म्हणून ती चहा गार झाला म्हणाली आणि आत गेली.

आप्पांनी तिचं नाव इरावतीबाई ठेवून टाकलं. त्यांना इर्या म्हणणं जमेना असं नाही, पण एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची त्यांची तयारी नव्हती.

एका दुपारी तिने कान्तेले बाहेर आणलं. आप्पा खूश होऊन मला म्हणाले, "चित्रे, बघ बघ, हे तर आपलं स्वरमंडल!" ती मांडीवर घेऊन बसली. एक तार छेडली. थांबली. आवाज विरून गेला, तरी थांबली. मग दुसरी. आप्पा मान तिरकी करून बसले. चांगला पाव तास हे चाललं. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले, तसे आप्पा पुढे वाकून म्हणाले, "व्हेरी नाइस ट्यूनिंग, मॅडम. नाऊ प्लीज स्टार्ट."

ते संपलं होतं हो! ती तिची रचना होती! मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी तिला सांगायला लागले की आमच्याकडे आधी वाद्य लावायला वेळ घेतात, तर ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पेपरवाल्यापेक्षा हा बरा," म्हणाली, "निदान बसून तरी राहिला." दुसऱ्या दिवसापासून आप्पा दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून भगदाडाशी बसायला लागले.

आणि मग ठाण्याहून फोन आला. चंद्रहासकाका गेले. कोरोनाच. चार माणसंसुद्धा पोचवायला नव्हती. आप्पांनी माझा फोन खाली ठेवला, त्यांच्या मोबाइलवर चालू असलेलं गाणं बंद केलं, आणि बोलणंच सोडलं. जेवायला हाक मारली की यायचे, पानातलं चिवडायचे, उठायचे. मी चिडायचे. घाबरले की मी चिडते, माझा स्वभावच तो. रोज दुकानात लोकांना बघत होते, घरी येऊन ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावत होते, आणि या माणसाने असं आतून मिटून घेतलेलं. करायचं काय?

इर्याला मी सांगितलं. ती "सॉरी" वगैरे काही म्हणाली नाही. आप्पांच्या खुर्चीसमोर आपली खुर्ची आणून बसली, थंडीत, कोट घालून, एक अक्षर न बोलता, ऊन उतरेपर्यंत. रोज. एकदा आप्पा आत येऊन मला म्हणाले, "ही बाई बसते ना, त्याने बरं वाटतं." त्या आठवड्यातलं त्यांचं तेवढंच वाक्य.

तशात हेल्वीची बातमी आली. ती तिकडे वृद्धांच्या निवासात होती, महिनाभरापासून अंथरुणाला खिळलेली. आता उतरणीला लागली होती. इथून देशाबाहेर पडायला परवानगी लागत होती, आणि ती काढून गेलीच असती तरी निवासात कुणालाच सोडत नव्हते. इर्याने मला भगदाडाशी बोलावलं. तिने वर्षभर खपून एक नवी रचना लिहिली होती, हेल्वीसाठी. हेल्वीची बोटं केव्हाच थांबली होती, म्हणून पहिल्यांदाच ती स्वतः वाजवणार होती. "हे मला तिच्या कानावर घालायचंय. आणि या वेळी मी विचारणार आहे. आवडलं का, एवढंच." ती बाई कधी असं काही मागेल असं मला वाटलंच नव्हतं.

मितालीकडे शाळेच्या पॉडकास्टचा माइक होता. घरात जाता येत नव्हतं, म्हणून अंगणातच रेकॉर्ड करायचं ठरलं. एरवी पॉइंट कुकच्या अंगणात कुठली आलीय शांतता! विमानं, गवत कापायची यंत्रं, फ्रीवेची घरघर. पण त्या दिवसांत सगळं ठप्प होतं. इर्याने आठवडाभर बोटं गरम पाण्यात शेकून सराव केला. तिला संधिवात होता. सबंध रचना एकदा वाजवली की दोन दिवस कप उचलता येत नसे.

रविवारी दुपारी वारा पडला. मितालीने भगदाडात स्टुलावर माइक ठेवला. मी आप्पांना बजावलं, "आप्पा, एक शब्द नाही हं. खोकला आला तर आत जा."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते म्हणाले.

इर्याने सुरू केलं. काय सांगू! मला यातलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी शिकले ते गाणं कधीच सुटलं. पण त्या दुपारी मी श्वास रोखून ऐकलं. एकेक सूर येत होता आणि जात होता, आणि मधल्या जागेत भीती वाटत होती की आता पुढचा येणारच नाही. मग अगदी वरचे काही स्वर भराभर आले, पोरी हसत पळाव्यात तसे, आणि त्यांच्यावर तिने सगळ्यात खालची जाड तार छेडली. छेडली आणि हात उचलून घेतला. ती तार घुमत राहिली, बारीक होत राहिली, आणि सगळं अंगण तिच्यामागे चाललं.

"क्या बात है!"

आप्पांचा हात वर. डोळे मिटलेले. आणि वर पुन्हा, "वा! वा!"

इर्या थांबली नाही. पुढचे सूर तिने वाजवले, शेवटपर्यंत वाजवलं. मग हातांकडे बघत बसली. मितालीला "थँक यू" म्हणाली, वाद्य उचललं आणि आत गेली. दार लागल्याचा आवाज आला.

"मिताली, कट करता येईल ना ते?"

"आय ट्राइड, मम," थोड्या वेळाने ती हेडफोन काढून म्हणाली. "द स्ट्रिंग इज स्टिल रिंगिंग अंडर हिम. त्यांचा आवाज काढला तर तारेचं घुमणंही जातं."

मग मी फुटले. "आप्पा, एवढं सांगून कळत नाही तुम्हाला? मरणाच्या दारात आहे तिची बहीण! ही काय तुमची ठाण्याची बैठक आहे? तुम्हाला आयुष्यात कधी गप्प बसता येणार आहे का?" आणखीही बरंच बोलले. गुरुदत्त मीटिंग सोडून बाहेर आला आणि मला आत घेऊन गेला.

आप्पांनी फक्त एवढंच म्हटलं, "अगं, ऐकलं की आपोआप जातं तोंडातून. चंद्रहास असता तर माझ्याआधी तोच ओरडला असता." मग ते खोलीत गेले आणि बॅग काढून कपडे भरायला लागले. विमान नाही, तिकीट नाही, आणि हा माणूस स्वेटरच्या घड्या घालतोय. मी पँट्रीत जाऊन रडले. चंद्रहासकाका गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला मोठा आवाज होता, आणि तो मी त्यांच्या घशात घातला होता.

दुसऱ्या दिवशी इर्याने पुन्हा वाजवायला घेतलं. बोटं सुजलेली. अर्ध्यावर ती खालची जाड तारच तुटली. तशी तार फिनलंडहून मागवावी लागते, आणि पोस्टाला तेव्हा महिने लागत होते. त्याच सकाळी निवासातून निरोप आला होता, की पाठवायचं असेल तर आता पाठवा.

ती भगदाडाशी आली. "पाठव," मितालीला म्हणाली.

"त्यांच्या आवाजासकट?" मी विचारलं.

"आता तेवढंच आहे आपल्याकडे." तिचा चेहरा दगडासारखा होता. आप्पांकडे तिने बघितलं नाही. तेही बाहेर आले नाहीत.

निवासातल्या नर्सने वादन हेल्वीला ऐकवलं आणि त्याचा व्हिडिओ काढून मितालीच्या ईमेलवर पाठवला. संध्याकाळ व्हायला आली होती. मितालीने लॅपटॉप भगदाडातल्या स्टुलावर ठेवला. इर्या तिकडून बघत होती, आम्ही इकडून. आप्पा माझ्या मागे, दारात. पडद्यावर एक लहानखुरी म्हातारी उशीवर, डोळे मिटलेली. वादन चालू. ती जाड तार वाजली, आणि त्या फिनलंडमधल्या खोलीत माझ्या बापाचा आवाज दणाणला. "क्या बात है!" म्हातारीने खाडकन डोळे उघडले. नर्सला काहीतरी विचारलं. नर्सने उत्तर दिलं. मग हेल्वी सावकाश, धापा टाकत, बरंच काही बोलली. तिच्या भाषेत. आणि पुन्हा डोळे मिटले.

इर्याने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा बघितला. मग अर्थ न सांगताच उठून आत गेली.

"माझ्यामुळे वाटोळं झालं," आप्पा म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही त्यांना दोन शब्द धीराचे देऊ शकले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

सकाळी मी दुकानात निघाले तर इर्या भगदाडात उभी. "दीनानाथला बोलाव," म्हणाली. आप्पा आले, शाल लपेटून, मान खाली. तिने एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं, मी आप्पांना मराठीत.

हेल्वीने विचारलं होतं, कोण ओरडला? नर्स म्हणाली, तुमच्या बहिणीचा शेजारी. त्यावर हेल्वी म्हणाली, "बरं झालं, शेवटी कुणीतरी बोललं. तिच्या प्रत्येक रचनेत अशी एक जागा असते. दर वेळी तिथे आलं की मला ओरडावंसं वाटायचं. पण वाजवत मीच असायचे ना. पुढचा सूर येईपर्यंत मला मोजायचं असायचं."

आप्पांनी मला परत सांगायला लावलं. मग ते तिथेच, पडलेल्या पत्र्याच्या कडेला, खाली बसले आणि ढसाढसा रडले. इर्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते सुखाचं नव्हतं, मला दिसत होतं. "घरात फोन होता," ती म्हणाली. "इतकी वर्षं. मी एकदा विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. आम्ही दोघी मूर्ख."

आप्पांनी नाक पुसलं आणि त्यांच्या साध्याभोळ्या इंग्रजीत विचारलं, "अँड यू, मॅडम? तुम्ही तिला म्हणालात का कधी, की ती छान वाजवते?"

इर्याने डोळे पुसले आणि घड्याळ बघितलं. "तिकडे आता रात्र आहे," ती म्हणाली. "दुपारी फोन करते. उठली की सांगते."

दुपारी तिने फोन केला. हेल्वी पहाटे गेली होती.

अंत्यविधी तीनेक आठवड्यांनी झाला, सप्टेंबरअखेर. त्यांच्याकडे लगेच करत नाहीत. तळ्याकाठच्या छोट्या चर्चमधून लॅपटॉपवर दिसणार होतं. इर्याने कान्तेलेची तुटकी तार तशीच ठेवली होती. इथे अजून लॉकडाऊन होताच, म्हणून पुन्हा तेच स्टूल, तेच भगदाड, तिकडे ती काळ्या कोटात, इकडे आम्ही. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना काही बजावलं नाही. माझी हिंमतच नव्हती.

पडद्यावर दूरदूर बसलेली मूठभर माणसं. पाद्री काही बोलला. मग त्यांनी रेडिओची ती जुनी टेप लावली: हेल्वी वाजवतेय, इर्याने कालगुर्लीच्या स्वयंपाकघरात लिहिलेलं. तरुण हेल्वीचा हात काय खणखणीत होता! एकेक सूर यायचा, थांबायचा, पुढे जायचा. आणि आली ती जागा. खालची जाड तार. हात उचललेला. घुमत घुमत बारीक होत जाणारी. चर्चमध्ये कुणी हललं नाही. त्या शांततेत कुठेतरी हेल्वी मोजत बसलेली होती, मला अगदी समोर दिसली.

आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

इर्या उठून उभी राहिली. लॅपटॉपवर वाकली, आणि तिच्या त्या कोरड्या, अडखळत्या उच्चारात मोठ्याने म्हणाली, "क्या बात है, हेल्वी. क्या बात है."

मितालीने माझा हात घट्ट धरला आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. आम्ही म्यूटवर होतो. तिकडे कुणालाही काही ऐकू गेलं नव्हतं. टेप पुढे चालू झाली होती, इर्या खाली बसून हातांनी गुडघे चोळत होती, आणि आप्पा तिच्याकडे बघून मान डोलावत होते. मी मितालीला नको अशी खूण केली. इर्याला आम्ही ते कधीच सांगितलं नाही.